वऱ्हाड, मुहूर्त आणि रविवार

नागपुरातल्या लग्नाच्या आमंत्रणाबरोबर आता पाहुण्यांच्या हाती आणखी एक मजकूर पडतो. तो कार्यक्रमपत्रिकेचा असतो आणि बहुधा मोबाइलवरच येतो. शुक्रवारी सायंकाळी मेंदी आणि संगीत, शनिवारी सकाळी हळद, दुपारी विश्रांती, सायंकाळी साखरपुडा व सीमांतपूजन, रविवारी सकाळी लग्न, मग भोजन आणि संध्याकाळच्या गाड्या व विमाने यांच्या वेळा सांभाळून निरोप. कोणत्या प्रसंगी कोणत्या रंगाचे कपडे घालावेत, स्थानकावरून वा विमानतळावरून न्यायला गाडी कधी येईल, उतरण्याची सोय कोठे आहे, हेही त्यात असते. वर्धा रोडवरचे, हिंगण्याकडचे किंवा काटोल रोडवरचे एखादे 'लॉन' असेल तर ते गाठण्याचा नकाशाही असतो. पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून, परदेशातून येणाऱ्या नातलगांना सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर व्हायचे असते आणि यजमानांना ते ठाऊक असते. सारी आखणी त्या सोमवारच्या धाकाने होते.

या अडीच दिवसांना आपण इतके सरावलो आहोत की ते ठरवले कोणी, हा प्रश्न सहसा पडत नाही. धर्मशास्त्राने ते ठरवलेले नाहीत. पंचांग तर शनिवार-रविवारची सुटी जाणतच नाही; त्याला तिथी, नक्षत्र आणि लग्नशुद्धी कळते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, लग्नसोहळ्याची लांबी ठरते ती पाहुण्यावरून. तो कसा येतो, त्याचा वेळ कोणाच्या मालकीचा आहे आणि आल्यावर त्याला काही काम आहे की नाही, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते. शास्त्राने चौकट दिली खरी, पण चौकटीत दिवस भरले ते पाहुण्याने. आज ज्या रविवारावर हा सारा डोलारा उभा आहे, तो रविवार महाराष्ट्रातील कामगाराला मिळवून देणारी माणसे आणि लग्न आखूड व्हावे म्हणून झटणारी माणसे एकाच चळवळीतली होती. ही विसंगती नीट पाहिली तर लग्नाच्या इतिहासाबरोबर आपल्या सामाजिक इतिहासाचाही एक धागा हाती लागतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाला हात घातला. लग्नाला येणाऱ्या पाहुण्याचा इतिहास मात्र अजून सलगपणे लिहिला गेलेला नाही. येथे त्याची केवळ रूपरेषा मांडता येईल.

शब्दांतले वऱ्हाड

मराठीत लग्नाला निघालेल्या मंडळींना 'वऱ्हाड' म्हणतात, आणि नागपूरच्या पश्चिमेला लागून असलेल्या प्रदेशाचे नावही वऱ्हाडच. या दोन शब्दांचा संबंध व्युत्पत्तीच्या कसोटीवर टिको वा न टिको, लोकांच्या मनात तो रुक्मिणीच्या कथेने पक्का करून ठेवला आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते. मराठी कवींनी तर या एका विवाहाचा ध्यासच घेतला. महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकाच्या अखेरीस 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनी त्याच नावाचा ग्रंथ काशीत लिहून पूर्ण केला.

त्यांच्याही आधी महदंबेचे धवळे येतात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे श्रेष्ठ स्थान. आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेथे श्रीगोविंदप्रभूंना विवाहाची इच्छा झाली आणि भक्तमंडळींनी तिची तयारी मांडली, त्या प्रसंगी महदंबेने धवळे गायिले, अशी परंपरा सांगते. धवळे म्हणजे वराविषयीचे गीत. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, तिची रचना अशी लग्नघरात जन्माला आली. साहित्याच्या तासाला हा तपशील आपण सांगतो आणि पुढे जातो. आम्हांला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. महदंबा तेथे श्रोता म्हणून बसली नव्हती. सोहळ्यातले एक काम तिच्याकडे होते, आणि ते काम म्हणजे गाणे. आलेल्या माणसाने लग्नात काही तरी करायचे असते, हा जुना संकेत या प्रसंगात स्पष्ट दिसतो.

लग्नाची जुनी शब्दसंपत्ती पाहिली तर हा संकेत जागोजाग भेटतो. सासरी असलेल्या लेकीला लग्नासाठी आणायला 'मूळ' धाडायचे. जो जाईल तो 'मुऱ्हाळी'. वराच्या आधी पुढे जाऊन वर्दी देणारा 'वरधावा'. वधूवरांच्या मागे उभी राहणारी 'करवली'. सासरी पहिल्यांदा निघालेल्या मुलीसोबत जाणारी 'पाठराखीण'. वराकडची मंडळी जेथे उतरतात ते 'जानवसघर', ज्याला विदर्भात 'जानोसा' म्हणतात. शिवाय मामा, मावशी, आत्या यांचे ठरलेले मान; आणि ज्याचा मान त्याच्याकडेच त्या वेळचे काम. 'मानकरी' या शब्दात मान आणि कर्तव्य ही दोन्ही एकत्र नांदतात. 'पाहुणा' हा सैल शब्द लग्नघरात फारसा उपयोगाचा नव्हता. तेथे प्रत्येकाला नाव होते आणि त्या नावातच त्याचे काम सांगितलेले होते.

चार दिवसांचे गणित

जुने लग्न चार-पाच दिवसांचे असे, हे आपण आत्मचरित्रांतून वाचतो. त्याला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. गृह्यसूत्रांत विवाहानंतर तीन रात्रींचे व्रत आणि त्यानंतर चतुर्थीकर्म सांगितले आहे. पण व्रतस्थ राहायचे ते वधूवरांनी. शेकडो माणसांनी चार दिवस पंगती उठवाव्यात असे सूत्रकारांनी कोठेही म्हटलेले नाही. ती गरज वाटचालीतून आली. बैलगाडीने, दमणीने, छकड्याने दोन-तीन मुक्काम करीत आलेल्या माणसाला अक्षता टाकून त्याच दिवशी परत धाडणे शक्यही नव्हते आणि शिष्टसंमतही नव्हते. जनावरांना वैरण लागे, गाडीवानाला विसावा लागे. म्हणूनच लग्नांचा मुख्य हंगाम सुगीनंतरचा. चैत्र ते ज्येष्ठ या काळात शेत रिकामे, बैल मोकळे आणि घरात धान्य. पुढे पेरणी आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास. शास्त्राने लग्नाला बंद केलेले महिने आणि पावसाने बंद केलेल्या वाटा यांचा मेळ चांगलाच बसला होता.

विदर्भात या गणिताला उन्हाची जोड मिळाली. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि लग्ने त्याच महिन्यात. मांडवावर हिरव्या फांद्यांचे दाट आच्छादन, दारावर वाळ्याच्या ताट्या, पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या आणि मग कैरीचे पन्हे. गोरज मुहूर्ताचे येथे इतके अगत्य का, हे भर दुपारी अक्षतांना उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. जेवणात वडाभात, गोळाभात, कढी, पुरणपोळी; आणि जेथे मांसाहार चाले तेथे त्याचा दिवस वेगळा.

एवढ्या माणसांची आखणी डोक्यात मावणारी नव्हती, म्हणून ती लिहिली जाई. मराठीत या लेखनाला 'याद' हे फार सुंदर नाव आहे. सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न १७८३ साली पुण्यात झाले. त्या वेळी नाना फडणविसांनी करवून घेतलेली कामांची लेखी वाटणी प्रसिद्धच आहे. कोणाच्या स्वागताला कोणी जावे, कोणाची सोय कोठे करावी, भोजनाच्या वेळी कोणाकडे कोणते काम असावे, हे त्यात नेमून दिलेले होते. दरबारी लग्न असल्यामुळे तिचा पसारा मोठा, इतकेच. सामान्य गृहस्थाच्या घरीही रोजकीर्दीच्या वहीत मागच्या पानांवर अशी याद असे. आमंत्रणे, आहेर, शिधा, भांडी, उसने आणलेले पाट आणि परत करायचे पाट. आजची मोबाइलवरची कार्यक्रमपत्रिका या यादीचीच वंशज आहे. फरक एवढाच की जुनी याद घरच्यांनी काय करायचे ते सांगे, आणि नवी पाहुण्यांनी केव्हा कोठे उपस्थित राहायचे ते सांगते.

जुन्या लग्नाचे हे चित्र रम्य आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही लगेच सांगितली पाहिजे. चार दिवसांच्या पंगतींमागे महिनाभराचे दळणकांडण होते, आणि ते बायकांच्या वाट्याला होते. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, हळद. जात्यावरची गाणी आपण संग्रहांतून कौतुकाने वाचतो, पण जाते ओढणारीच्या खांद्याचा त्यात हिशेब नाही. प्रत्येक कामाला सुवासिनी हवी असे. घरातली विधवा स्वयंपाकघरात पहाटेपासून राबे, मात्र मंगलप्रसंगी तिने पुढे यायचे नाही. ज्यांना काम होते त्या सर्वांना मान होता, असे म्हणता येत नाही. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचा तर मांडवाशी संबंध वाजवण्यापुरता, लाकडे फोडण्यापुरता आणि उरलेले अन्न नेण्यापुरता होता. वऱ्हाडात कोण नाही, हे त्या काळी सांगावेही लागत नसे.

इतवारी आणि रविवार

नागपूरच्या नकाशावर वारांची नावे सापडतात. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ही नावे बाजारांची आहेत. भोसल्यांच्या राजधानीत वार ओळखला जाई तो बाजाराने. 'इतवार' म्हणजे रविवार. त्या दिवशी विसावा नव्हता, उलट खरेदीविक्रीची गर्दी होती. लग्नाचा बस्ता बांधायला विदर्भातली कुटुंबे आजही इतवारीत आणि गांधीबागेत येतात. त्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल की या पेठेच्या नावातला रविवार आणि पत्रिकेवरचा रविवार हे दोन वेगळ्या जगांतले आहेत?

दुसरे जग आले ते रेल्वेबरोबर. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, पाठोपाठ डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६७ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. दहा वर्षांच्या अंतरात पाहुण्याच्या वाटचालीचे आणि त्याच्या वेळेचे, दोन्हींचे स्वरूप पालटले. जो मुक्काम करीत यायचा तो आता रात्रीच्या गाडीने सकाळी उतरू लागला. जो सुगीनंतर मोकळा असायचा, त्याला आता बारा महिने भोंग्यावर हजर राहावे लागले. आरंभीच्या काळात गैरहजेरी ही एम्प्रेस मिलची मोठी डोकेदुखी होती, आणि माणसे टिकावीत म्हणून बक्षिसे, भविष्यनिर्वाह निधी असे उपाय टाटांनी योजले, हे उद्योगाच्या इतिहासात नोंदले आहे. व्यवस्थापनाच्या भाषेत ही गैरहजेरी. आम्हांला तिच्यात पेरणी, सणवार आणि सोयऱ्यांची लग्ने दिसतात. चार दिवसांच्या लग्नाची आणि मिलच्या हजेरीपटाची गाठ येथे पहिल्यांदा पडली असली पाहिजे.

ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग मुंबईत निघाला. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे ठेवल्या, त्यांत आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी ही प्रमुख होती. साहेबाचा प्रार्थनेचा दिवस म्हणून तो मागितलेला नव्हता. रविवार खंडोबाचा वार आहे, आणि सहा दिवस मालकाचे काम केल्यावर एक दिवस स्वतःच्या व समाजाच्या कामासाठी मिळाला पाहिजे, अशी त्यामागची भूमिका सांगितली जाते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ही सुटी मान्य केली. १८९१च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे रूप दिले. मराठी कामगाराचा रविवार हा असा मागून आणि भांडून मिळवलेला दिवस आहे.

आखूड लग्नाची मागणी

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नव्हता, हुंडा नव्हता, खर्च अगदी मामुली. वधूवरांनी एकमेकांना वचने द्यायची आणि आलेल्या मंडळींनी साक्षी राहायचे. पाहुण्याच्या इतिहासात हा मोठा पालट आहे. पुरोहित दूर झाला तेव्हा विवाहाला मान्यता देण्याचे काम पाहुण्यांच्या समुदायाकडे आले. त्याला कामाच्या जोडीला अधिकारही मिळाला.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शेतकरी लग्नांत उधळपट्टी करतो म्हणून तो कर्जात बुडतो, असे त्या काळचे अधिकारी वारंवार म्हणत. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विवाहादी संस्कारांतून होणारी लुबाडणूक जितक्या कठोरपणे मांडली, तितक्याच कठोरपणे त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे शेतसारा आणि सावकारी यांत शोधली. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही लग्नखर्चाला कर्जाचे मूळ मानणे अतिशयोक्तीचे ठरवले होते. म्हणजे, साधे लग्न हवे होते ते गरिबाला त्याच्या गरिबीबद्दल दोषी धरण्यासाठी नव्हे. त्याच्या हाती आलेला पैसा आणि वेळ त्याच्याच उपयोगी पडावा, हा हेतू होता.

वऱ्हाडाने ही मागणी आपल्या बोलीत पुढे नेली. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला दारू आणि बोकडाऐवजी गोडाचे जेवण घालून भावकीचा रोष पत्करला, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनांतून कर्ज काढून सण-लग्ने करू नका हे सांगितले. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त लग्नातल्या डामडौलावर टीका करून साध्या व सामुदायिक विवाहांचा पुरस्कार केला. नागपुरात, जुलै १९४२ मध्ये, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ऐपत येण्यापूर्वी मुलांवर लादू नका, आणि पत्नी ही पतीची मैत्रीण व बरोबरीची असावी, असे त्यांनी सांगितले. त्या मांडवात हजारो स्त्रिया होत्या. लग्नाविषयीचा विचार ऐकण्यासाठी त्या आल्या होत्या, आणि बोलावणे कोण्या वरपित्याचे नव्हते.

याच नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली. बौद्ध विवाह कसा असावा याविषयी बाबासाहेबांनी अखेरच्या दिवसांत एका पत्रात जे कळवले, त्यात होम नाही आणि सप्तपदीही नाही. पाण्याने भरलेले मातीचे नवे मडके, त्यात सोडलेला सुताचा धागा, शुभ्र वस्त्रे आणि मंगलसुत्ताचे पठण. एवढ्या विधीला तास पुरतो. नागपूरच्या वस्त्यांत त्यानंतर विहाराजवळच्या मोकळ्या जागेत, रविवारच्या सकाळी, पांढऱ्या वस्त्रांत लागलेली लग्ने हा या शहराच्या सामाजिक इतिहासाचा ठळक भाग आहे. त्यांना मुहूर्त लागत नव्हता. म्हणूनच त्यांना रविवार घेता आला. कामगाराची रोजी बुडत नव्हती आणि भटजीची दक्षिणा वाचत होती. लोखंड्यांनी मिळवलेला वार आणि फुल्यांनी सुचवलेले लग्न यांची गाठ नागपुरात अशी पडली, असे आम्हांला वाटते.

पंगतीचे काय झाले?

वरच्या जातींतली लग्ने आखूड झाली ती बहुतांशी विचाराने नव्हे, नाइलाजाने. १९२९ च्या शारदा कायद्याने वय वाढले, मुली शिकू लागल्या, नोकरदारांच्या रजा मोजक्या झाल्या, युद्धकाळात धान्य आणि साखर मोजून मिळू लागली. वाड्यांची घरे झाली, घरांचे ब्लॉक झाले, आणि मांडव दारातून उठून मंगल कार्यालयात गेला. एका दिवसाचे लग्न हा शहरी मध्यमवर्गाचा नियम झाला. सकाळी सीमांतपूजन, दुपारी लग्न, संध्याकाळी स्वागतसमारंभ आणि रात्री कार्यालयाच्या किल्ल्या परत.

याच स्वागतसमारंभातून आले उभ्याचे जेवण. त्याची जितकी थट्टा झाली तितकी क्वचितच कशाची झाली असेल. हातात ताट घेऊन रांगेत उभे राहणे यजमानाला लाज आणणारे आणि पाहुण्याला भिकेचे वाटे. आग्रह गेला, 'विहिणीची पंगत' गेली, पंगतीत म्हटली जाणारी विहीण आणि घेतली जाणारी नावे गेली. लोकगीतांच्या अभ्यासकाला ही हानी जाणवणारच. एक सबंध गीतप्रकार जेवण्याच्या पद्धतीबरोबर नाहीसा झाला.

पण पंगत म्हणजे केवळ गाणी नव्हेत. पंगत म्हणजे ओळ, आणि ओळ म्हटली की कोण कोणाशेजारी बसणार हे आले. अगोदर कोण उठणार, शेवटच्या पंगतीला कोण, अंगणात कोण, आणि वेगळ्या पात्रावर कोण, हे सारे त्या ओळीत वाचता येई. स्वयंपाकी 'आचारी' कोणत्या जातीचा, हाही प्रश्न असे. सहभोजनाच्या चळवळींनी ज्या ओळीवर घाव घातले, ती मोडून काढण्याचे बरेचसे काम या थट्टेच्या विषयाने गुपचूप केले. टेबलावरून वाढून घेणारा माणूस कोणाशेजारी उभा आहे याचा नियम राहिला नाही. अन्न कोणी शिजवले हे विचारण्याची सोयही राहिली नाही. साहित्यात या घटनेची नोंद विनोदाच्या अंगानेच झाली. तिचे सामाजिक मोल आपण जोखले पाहिजे. अर्थात ओळ पुरती मोडली असेही नाही. ती ताटावरून सरकून आमंत्रणाच्या यादीत गेली. यादीत कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, तेथे आजही जात आणि वर्ग वाचता येतात.

परत आलेले दिवस

गेल्या तीसेक वर्षांत लग्न पुन्हा लांबले. १९९४ साली आलेल्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाचा दाखला सगळेच देतात, आणि तो खोटा नाही. मात्र नागपूरपुरते पाहिले तर संगीत आणि मेंदी येथे केवळ पडद्यावरून उतरली नाहीत. मध्य प्रांताची ही राजधानी मराठी-हिंदी शेजाराची होती. एकाच गल्लीत मारवाडी, बुंदेली, छत्तीसगढी आणि मराठी लग्नांचे सूर ऐकू येत आणि शेजारणी एकमेकींकडे गायला जात. नागपुरी मराठी घराला 'बारात' हा शब्द उपरा वाटत नाही.

खरे कारण वेगळे आहे. नातेवाईक दूर पांगले आणि ते एकत्र येण्याचे निमित्त एकच उरले. ज्या चुलतभावंडांनी उन्हाळ्याच्या सुट्या एका अंगणात काढल्या, ती आता वर्षानुवर्षे भेटत नाहीत. त्यांना बोलवायचे तर एका दिवसासाठी कसे बोलवणार? जुन्या काळी वाट लांब म्हणून मुक्काम लांबे. आता वाट काही तासांची झाली, पण भेटींमधले अंतर वर्षांचे झाले. लग्नाचे दिवस परत आले ते या अंतरापोटी. हे त्यांचे समर्थन आहे आणि ते आम्हांला मनापासून पटते.

मात्र परत आलेले दिवस मोकळे नाहीत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सरकारी नोकरांच्या या शहरात शनिवारही लग्नाला मिळाला. यजमान आता आधी कॅलेंडर पाहतो आणि मग पंचांग. जुळले नाही तर काढीव मुहूर्त असतोच. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असेल तर खोल्यांची चणचण, मे महिन्यात ऊन, तुळशीच्या लग्नानंतरच्या मोजक्या शनिवार-रविवारांवर सगळ्यांचीच झुंबड. मागणी दोन दिवसांत कोंडली म्हणून लॉनचे भाडे चढते, आणि ते चढले तरी समाजात मान राखण्यासाठी मोजावे लागते. शहराचा हा नमुना तालुक्यात आणि खेड्यात जातो. ज्या विदर्भात शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न हा घोर चिंतेचा विषय झाल्यामुळे शासनाला सामूहिक विवाहांसाठी 'शुभमंगल' योजना आणावी लागली, तेथे हा नमुना निरुपद्रवी राहत नाही. कर्जाचे मूळ लग्नात नसते, हे खरे. पण आधीच कर्जात असलेल्या घराला लग्न आणखी खाली ओढते, हेही तितकेच खरे.

साथीच्या काळात या सगळ्याची परीक्षा झाली. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लग्नाला पन्नासाहून अधिक माणसे नकोत असे सांगितले. नागपुरात २५ फेब्रुवारी ते ७ मार्च २०२१ या काळात मंगल कार्यालये बंद राहिली आणि शनिवार-रविवारी मुख्य बाजारपेठाही. इतवारी नेमकी इतवारी मिटलेली होती. त्या महिन्यांत घरोघर पन्नास जणांची यादी करताना लोकांना ठरवावे लागले की, यांच्यावाचून लग्न होणारच नाही अशी माणसे कोणती. सक्तीने का होईना, सत्यशोधकांचा प्रश्न घरोघर विचारला गेला. साथ ओसरली आणि तो प्रश्न बाजूला पडला.

तो पुन्हा विचारण्याजोगा आहे. लांब लग्न वाईट आणि आखूड लग्न चांगले, असा सोपा निवाडा इतिहास देत नाही. जुन्या चार दिवसांत पाहुण्याला काम होते, पण ते काम जातीने आणि बाईपणाने बांधलेले होते. सत्यशोधक आणि बौद्ध विवाहाने त्याला साक्षीचा अधिकार दिला. आजच्या अडीच दिवसांत त्याच्याकडे काम नाही आणि अधिकारही नाही. तो ठरल्या रंगाचे कपडे घालून ठरल्या वेळी येतो, छायाचित्रात उभा राहतो आणि सोमवारी कामावर जातो. गाणे ध्वनियंत्रणेकडे, वाढणे केटररकडे, स्वागत व्यवस्थापकाच्या माणसांकडे. त्या माणसांना स्वतःच्या घरच्या लग्नासाठी रविवारची सुटी मिळते का, हेही विचारून पाहावे. लोखंड्यांनी मागितलेला वार ज्यांच्यासाठी होता, ते या सोहळ्यात बहुधा वाढपी, वाजंत्री आणि मांडववाले म्हणून राबत असतात.

आमच्या शिक्षक-विद्यार्थी वाचकांना एक सुचवावेसे वाटते. घरातल्या जुन्या लग्नांच्या यादी, आहेराच्या वह्या, पत्रिका, मंगलाष्टके, विहिणीची गाणी हा सारा ऐवज रद्दीत जात आहे, आणि त्यात आपल्या समाजाची पाहुण्याविषयीची कल्पना जपलेली आहे. ती गोळा करावी, तारीखवार लावावी. आणि पुढच्या लग्नाची आखणी करताना, शनिवारच्या मोकळ्या दुपारी, आलेल्या माणसांपैकी कोणाकडे कोणते काम द्यायचे याचीही एक ओळ तीत असावी. गायला येते त्याला गायला सांगावे, वाढता येते त्याला वाढायला सांगावे, आणि ज्यांनी दिवसभर वाढले त्यांच्यासाठी शेवटी पाने मांडून पाहुण्यांनी वाढावे. रिद्धपूरच्या मांडवात महदंबेला गायला सांगितले गेले, म्हणून मराठीला धवळे मिळाले.